आठवा हंडा

गुप्तधन सापडायला नशीब लागतं, असं लोक म्हणतात. बोरटेकच्या भागवतराव इढोळ्यांचं मत वेगळं होतं. त्यांच्या मते गुप्तधन सापडायला नीट मसुदा लागतो. पंचायत समितीत चौतीस वर्षं काढून वरिष्ठ सहायक म्हणून निवृत्त झालेल्या माणसाचं दुसरं काय मत असणार? विहिरी, गोठे, पाणंद रस्ते हे सगळं त्यांनी आधी कागदावर उभं राहिलेलं पाहिलं होतं, आणि पुष्कळदा कागदावरच राहिलेलंही पाहिलं होतं. त्यापुढे सोन्याचा हंडा म्हणजे किरकोळ बाब होती.

म्हणून ‘सात हात खोल’ या कार्यक्रमाने जेव्हा प्रेक्षकांना आपापल्या गावातल्या दंतकथा कळवायला सांगितलं, तेव्हा भागवतरावांनी चष्मा पुसला आणि पेन काढलं. हा कार्यक्रम मोबाइलवर लागतो. चार माणसं यंत्र घेऊन एखाद्या गावात जातात, लोक दाखवतील तिथे खणतात आणि शेवटच्या दोन मिनिटांत काहीतरी सापडतं. कधी भिंत सापडते, कधी खापर सापडतं, आणि काहीच नाही सापडलं तर मागचं संगीत मोठं होतं. भागवतरावांनी तेवीसच्या तेवीस भाग पाहिले होते. त्यांचं म्हणणं असं, की ही मंडळी चुकीच्या जागी खणतात, कारण त्यांना कोणी संदर्भ जोडून देत नाही.

त्यांनी नऊ पानी पत्र लिहिलं. ‘विषय : मौजे बोरटेक येथील जुन्या उकिरड्यातील गुप्तधनाबाबत. संदर्भ : माझ्या आत्याची ओवी.’ लहानपणी आत्या दळताना म्हणायची ती ओवी त्यांना अर्धीच आठवत होती, पण अर्धीसुद्धा पुरेशी होती :

सात हंडे भरले बाई, साताची झाली माती
आठव्याचं सोनं माय ठेवे उकंड्याच्या पोटी

उकंडा म्हणजे उकिरडा, हे त्यांनी कंसात दिलं. पुढची साडेसात पानं वाशिमच्या, म्हणजे जुन्या वत्सगुल्माच्या राजांची होती. राजाचे आठ हंडे बैलगाड्यांतून निघाले, पैकी सात पुरात गेले, आठवा बोरटेकच्या मुक्कामी उकंड्यात लपवला. पुरावा काय, तर ओवी. खाली सही : ‘आपला विश्वासू, भागवत यू. इढोळे, इतिहास अभ्यासक.’

“हे कदी झाले तुमी?” शेवटचे दोन शब्द वाचून त्यांच्या बायकोने, उज्ज्वलाबाईंनी विचारलं.

“निवृत्तीनंतर,” भागवतराव म्हणाले.

त्यांची थट्टा करू नये. नोकरीत होते तोवर त्यांच्या टेबलापुढे माणसं उभी राहायची. निवृत्त झाल्यावर गावात त्यांना उरलेलं नाव म्हणजे ‘अर्जवाले’. रेशनकार्डाचा अर्ज, पीकविम्याचा अर्ज, सुनेच्या नाव बदलाचा अर्ज, सगळ्यांना त्यांचं अक्षर पाहिजे होतं. त्यांचं मत मात्र कोणालाच नको होतं. एकदा तरी गावाने आपलं ऐकावं आणि ते खरं निघावं, एवढीच त्या माणसाची इच्छा होती. ही इच्छा हंड्यापेक्षा महाग पडते, हे त्यांना तेव्हा माहीत नव्हतं.

एप्रिलच्या शेवटी खरंच गाडी आली. दिग्दर्शिका वैभवी ही पुण्याची मुलगी. तीच कॅमेऱ्यापुढे बोलायची, तीच सावलीत उभी राहून हिशेब ठेवायची. बरोबर तीन माणसं, एक उडणारा कॅमेरा आणि जमिनीतला धातू हुडकणारं यंत्र. तिने बोरटेकचा उकंडा पाहिला आणि क्षणभर रुमाल नाकाला लावला.

उकंडा साधा नव्हता. सत्तावीस घरांचं शेण, काडीकचरा आणि राख पिढ्यान्‌पिढ्या एकाच ओळीत पडत आलेली होती. कोणाचं कुठे संपतं आणि कोणाचं कुठे सुरू होतं हे फक्त ज्याचं त्याला ठाऊक, आणि ज्याला त्याला ते एक हात पुढेच ठाऊक. याच एका हातावरून भागवतराव आणि शेजारचा राजपाल अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. बोलायचंच झालं तर बैलाशी बोलल्यासारखं करून ऐकवायचे.

“काका, इथे खणायला परवानगी कोणाची लागेल?” वैभवीने विचारलं.

“ते माझ्यावर सोडा,” भागवतराव म्हणाले. चौतीस वर्षांत हे वाक्य त्यांनी पुष्कळांकडून ऐकलं होतं. आज पहिल्यांदा ते म्हणायची संधी मिळाली होती.

परवानगीसाठी तलाठी सेवादास राठोड यांच्याकडे गेले. सेवादास भला माणूस. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “मालक कोन हाय उकंड्याचा?”

“आमी सगळे.”

“कागद काय म्हनते?”

कागदाची फाईल ग्रामपंचायतीच्या लोखंडी कपाटात होती. आठ वर्षांपूर्वी स्वच्छतेच्या मोहिमेत पंचायतीने सत्तावीस घरांना नोटिसा दिल्या होत्या, की तुमचा उकिरडा उचला, नाहीतर दंड भरा. त्यावर सत्तावीस घरांनी लेखी खुलासा दिला होता, की ‘सदर उकिरड्याशी माझा कोणत्याही प्रकारे संबंध नाही व पूर्वीही नव्हता.’ राजपालचा सोडला तर सव्वीसही खुलासे एकाच अक्षरात होते. सुंदर, वळणदार, शिरोरेषा आखल्यासारखी. सेवादासने कागद पुढे सरकवला. भागवतरावांनी स्वतःचं अक्षर ओळखलं आणि घसा साफ केला.

“म्हंजे हा बेवारस हाय,” सेवादास म्हणाला. “हंडा निघाला तर सरकारजमा.”

ही बातमी गावात पोचायला सेवादासची मोटारसायकल फाट्यावर पोचण्याइतकाही वेळ लागला नाही. दुपारी भागवतरावांच्या ओसरीवर रांग. ज्याला त्याला आपला जुना खुलासा मागे घ्यायचा होता. आणि तो अर्ज लिहायचा कोणी? भागवतरावांनी पुन्हा पेन काढलं. सव्वीस वेळा लिहिलं, ‘सदर उकिरड्याशी माझा वडिलोपार्जित व जिव्हाळ्याचा संबंध असून पूर्वीचा खुलासा प्रकृती ठीक नसताना दिला होता.’ एकाच आठवड्यात आख्ख्या गावाची प्रकृती बिघडली होती, असं रेकॉर्डवर आलं. राजपालने अर्ज स्वतःच लिहिला. त्यात शुद्धलेखनाच्या अकरा चुका होत्या. भागवतरावांनी त्या मोजल्या, पण सांगितल्या नाहीत.

मग ग्रामसभा भरली. सरपंच तुळसाबाई खुर्चीत, वैभवीचा कॅमेरा कोपऱ्यात. कॅमेरा पाहून पुरुषमंडळींनी टोप्या नीट केल्या आणि बायकांनी एकमेकींना पुढे ढकललं. पहिली हरकत खुद्द भागवतरावांच्या घरातून आली.

“खनून ठेवसान आन्‌ मिरग लागन,” उज्ज्वलाबाई उभ्या राहून म्हणाल्या. “मंग खत वावरात कोन नेईन? मले हळदीले खत पायजे. हंडा निघो का झाकन निघो.”

बायकांनी माना डोलावल्या. राजपाल समोरच्या खांबाकडे पाहून म्हणाला, “लोकायले इतिहास कराचा हाय. खत गेलं भोकात.”

इथे भागवतरावांचा मान दुखावला. मानी माणसाचा मान दुखावला की तो आधी उभा राहतो आणि मग विचार करतो. ते उभे राहिले. “उकंड्यातून सोनं नाई निघालं, तर हा आख्खा उकंडा मी सोता डोक्यावर वाहून ज्याच्या त्याच्या वावरात टाकीन. टोपल्यानं.”

पस्तीस ट्रॉल्या खत होतं. मग एकदम सगळे हात वर गेले. इतक्या एकमताने बोरटेकमध्ये नळयोजनासुद्धा मंजूर झाली नव्हती. ठराव लिहून घ्यायची वेळ आली तेव्हा वही फिरत फिरत भागवतरावांपुढे आली, कारण अक्षर. त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं, ‘सदर इसम स्वखुशीने’, आणि स्वल्पविराम दिला.

खणायच्या आदल्या दिवशी सल्ला द्यायला कोण आलं नाही, ते विचारा. कोणी म्हणे धनावर नाग असतो, दूध ठेवा. कोणी म्हणे धन चालतं, आज इथे तर उद्या नदीपलीकडे. एकाने सांगितलं, पायाळू माणूस उभा करा, उलटा जन्मलेल्याला जमिनीतलं दिसतं. गावात पायाळू एकच, भजनी मंडळाचे फुलचंद महाराज. त्यांना उकंड्यावर चढवलं. ते डोळे मिटून बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, “पाय गरम लागून राह्यले.” खत कुजताना गरम होतं, हे शेतकऱ्याच्या पोराला सांगावं लागू नये, पण त्या दिवशी सगळ्यांनी एकमेकांकडे अर्थपूर्ण पाहिलं. सेवादासने मात्र बजावलं, की मंत्रतंत्र केला तर तो कायदा वेगळा आणि त्याचे फॉर्म वेगळे.

दुसऱ्या दिवशी यंत्र फिरवलं आणि ते पहिल्याच हाताला कोकललं. माणसं धावली. निघाली एक विळ्याची पाती. मग यंत्र कोकलतच राहिलं. सायकलची घंटी, तीन सेल, नांगराचा फाळ, कुलूप. तुळसाबाईंचं चांदीचं जोडवं निघालं. ते सुनेने माहेरी नेलं म्हणून चार वर्षं घरात वेगळी चूल होती. सरपंचबाईंनी जोडवं मुठीत धरलं, सुनेकडे पाहिलं नाही आणि घरी जाऊन दोन चुलींतली एक विझवली, असं नंतर कळलं. मग एक पत्र्याचा मोठा बोर्ड निघाला. त्यावर होतं, ‘हागणदारीमुक्त गाव बोरटेक आपले स्वागत करीत आहे.’ आणि फुलचंद महाराजांच्या वाट्याच्या जागेतून दारूच्या बाटल्यांची बुचं निघाली. एक निघालं, दोन निघाली, पस्तीसपर्यंत लोकांनी मोजली. महाराज म्हणाले, धन चालतं म्हणतात, तशी बुचंही चालत असतील.

तीन दिवस खणलं. खाली मुरूम लागला. मुरमाखाली काय असतं? मुरूमच असतो. उकंडा दोन्ही अंगांना पसरला होता, सत्तावीस घरांचं खत एकत्र झालं होतं, आणि गाव आता हंड्याबद्दल बोलायचं सोडून भागवतरावांच्या मानेबद्दल बोलायला लागलं होतं. एकाने तर त्यांच्यासाठी चुंबळ आणून दिली, डोक्यावर ओझ्याखाली घ्यायची कापडाची. नवीन होती, लाल.

वैभवी त्यांना बाजूला घेऊन गेली. “काका, आमच्या भागाला शेवट लागतो. आपण एक जुना हंडा आत ठेवू आणि तो निघताना दाखवू. खोटं नाही, फक्त नाट्यरूपांतर.”

मोह पडावा असंच होतं. एक हंडा निघाला की डोक्यावरचं ओझं गेलं, गावाचं तोंड बंद, नावापुढे इतिहास अभ्यासक कायम. पण खोट्या कागदावर त्यांनी कधी सही केली नव्हती. खुलासे लिहिले होते, पण स्वतःचा एक सोडला तर सह्या लोकांच्या होत्या. “मले जमणार नाई,” ते म्हणाले. तोंडातून वऱ्हाडी निघाली, एरवी ते वैभवीशी पुस्तकी बोलत.

तिने तरी माणसं पाठवलीच. ती घरोघर फिरली, जुना हंडा आहे का, पितळेचा, काळवंडलेला. हंडे पुष्कळ होते. पण बोरटेकमध्ये बिननावाचं भांडं मिळत नाही. एकावर ‘चि. सौ. कां. उज्ज्वला हिस मामाकडून सप्रेम भेट’. एकावर लग्नाची तारीख. एकावर नाव, तारीख, गाव आणि आहेर करणाऱ्याची पदवी. एक हंडा खरोखर जुना होता, घासून घासून गुळगुळीत झालेला. उन्हात तिरपा धरला तर त्यावर वाचता आलं, ‘राजपालची माय’. लग्नात आलेलं भांडं हरवू नये म्हणून वऱ्हाडाने केलेली ही सोय खोटा इतिहास करायला फार अडचणीची आहे.

“काका, मग आम्ही उद्या निघतो,” वैभवी म्हणाली.

भागवतराव पायरीवर बसले होते. एकदम ताठ झाले. “ओवी अर्धी आहे,” ते म्हणाले. “उरलेल्या ओळीत नेमकी जागा असली पाहिजे. आत्याला आणा. अनसिंगला असते. मनकर्णाबाई. एकोणनव्वद वय आहे, पण आवाज खणखणीत.”

वैभवीचे डोळे चमकले. शेवटची साक्षीदार, हरवलेल्या दोन ओळी. यावर तर आख्खा भाग निघतो. लगेच गाडी अनसिंगला गेली आणि आत्या पुढच्या सीटवर बसून, खिडकीची काच खाली करून, वाटेतल्या सगळ्यांना दिसत दिसत बोरटेकला आली.

गाव उकंड्याभोवती उभं राहिलं. आत्याला खुर्ची दिली, पदराला माइक लावला. तिने तो दोनदा काढून पाहिला. सेवादास पंचनाम्याचा कागद घेऊन तयार होता. राजपाल मागे, ट्रॅक्टरला टेकून. भागवतराव आत्याच्या शेजारी उभे, इस्त्रीचा सदरा, हातात ते नऊ पानी पत्र. कॅमेरा सुरू झाला. आत्याने एक हात जात्याच्या खुंट्यावर असल्यासारखा फिरवला आणि पहिल्या दोन ओळी म्हटल्या. मग ती पुढे गेली :

भागिरथा सई घेते सव्वा पायली जवारीनं
भाऊ माहा वाचवला उकंड्याच्या मायेनं

आधी म्हाताऱ्या बायकांनी तोंडाला पदर लावला. मग त्यांचे खांदे हलायला लागले.

“भाऊ?” भागवतराव म्हणाले. “आत्या, भाऊ कोनता?”

“मले किती भाऊ हायेत? तुहा बापच ना,” आत्या म्हणाली. “माह्या मायले सात पोरं झाले, सातही गेले, मी पोरगी तेवढी राह्यली. बाईचं पोट म्हंजे हंडाच असते बाबा, भरते आन्‌ रिता होते. आठवा झाला तं तिनं त्याले सुपात घातलं आन्‌ इथं आनून ठेवलं, या उकंड्यावर. मी तवा सात वर्साची होती. सूप मीच धरलं होतं एका अंगानं.”

आता वऱ्हाडातल्या वाचकाच्या हे पहिल्या पानावरच लक्षात आलं असेल. त्याने भागवतरावांना हसू नये. ज्या घरात लेकरं जगत नाहीत तिथे नवं लेकरू उकंड्यावर ठेवायचं, टाकून दिल्यासारखं, म्हणजे मरणाला वाटतं हा केर आहे, हा काय न्यायचा. मग शेजारीण ते उचलते, धान्य मोजून विकत घेते आणि सांभाळायला पुन्हा त्याच्या मायजवळ देते. लेकराचं नाव ठेवतात उकंडा. ही रीत बोरटेकमध्ये कोणाला ठाऊक नव्हती असं नाही. गावात चार उकंडराव आणि दोन उकंडीबाई होऊन गेल्या होत्या. पण हंडा हा शब्द ऐकला की माणसाची अक्कल आधी गावाला जाते.

वैभवीला कोणीतरी पुण्याच्या भाषेत समजावून सांगितलं. “म्हणजे,” ती सावकाश म्हणाली, “काका, तुमच्या सहीतला तो यू म्हणजे…”

“उकंडराव,” भागवतराव म्हणाले.

दहावीच्या फॉर्मवर बापाचं नाव लिहिताना वर्गातली पोरं हसली होती. त्या दिवसापासून त्यांनी ते नाव एका इंग्रजी अक्षरात मुडपून ठेवलं होतं. चौतीस वर्षांच्या सगळ्या सह्यांत. बापाने कधी विचारलं नाही. कदाचित त्याला वाटलं असेल, की ऑफिसात असंच असतं. भागवतरावांना बापाची इतकी आठवण आली, की समोरचा कॅमेरा दिसेनासा झाला. त्यांना स्वतःची लाज वाटली, अगदी साधी, पोटातून आलेली लाज. त्यांनी ते पत्र घडी करून खिशात घातलं आणि सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले, सगळ्या गावादेखत.

“मग काका, सोनं सापडलं असं म्हणायचं का?” वैभवीने हळू आवाजात विचारलं. कॅमेरा तिने बंद केला नव्हता.

“सापडलं होतं,” भागवतराव म्हणाले. “सत्तर वर्षं वापरलं आमी. बारा वर्षं झाले, सरलं.”

सेवादास पेन उघडून उभा होता. त्याची खरोखर पंचाईत झाली होती. “पंचनाम्यात काय लिहू? कायद्यात दहा रुपयांच्या वरचं धन कळवावं लागते.”

“सव्वा पायली जवारी लिही,” आत्या म्हणाली. “तवाची.”

सेवादासने मनात हिशेब केला. “मंग दहाच्या आत हाय. सरकारचा हक्क नाई,” असं म्हणून त्याने टोपण लावलं.

लोक पांगले. हसत हसत पांगले, पण भागवतरावांना कोणी हसलं नाही. वैभवीची गाडी आत्याला अनसिंगला सोडून पुढे जायची होती. निघताना फुलचंद महाराज म्हणाले, “भागवतभाऊ, ओवी खरी निघाली. ठरावाचं सोडा आता. गाव काई म्हनत नाई.”

“ओवी खरी निघाली,” भागवतराव म्हणाले. “पन मी जे सांगतलं होतं ते नाई निघालं. ठरावात सोनं लिवलेलं हाय, अक्षर माहंच हाय.”

सकाळी सातला ते बाहेर पडले. डोक्यावर लाल चुंबळ, त्यावर टोपलं. उज्ज्वलाबाईंनी दारातून पाहिलं. अडवायचं की नाही यावर त्यांचं मन दोन्हीकडे झालं, मग म्हणाल्या, “पयले आपल्या हळदीत टाका. बाकीच्यायचं मंग पाहू.”

“पयले तुळसाबाईचं, मंग बाकीच्यायचं. पंचायतीच्या रजिस्टरप्रमाणे,” भागवतराव म्हणाले. स्वतःच्या घराचं नाव त्यात सत्ताविसावं होतं.

पहिलं टोपलं बरं गेलं. दुसऱ्याला मान आखडली. तिसरं घेऊन पाणंदीने निघाले तेव्हा खताचं पाणी कानामागून इस्त्रीच्या सदऱ्यात उतरत होतं. आजवर इतरांच्या डोक्यावरच्या ओझ्याचे अर्ज लिहिले, ओझं म्हणजे असं असतं हे काही लिहिताना कळत नाही. साठ वर्षांचा माणूस, पस्तीस ट्रॉल्या खत. त्यांनी मनात भागाकार केला आणि दिवाळीच्या पुढे गेल्यावर सोडून दिला. तरी ते थांबले नाहीत. ओठ घट्ट मिटून चालत राहिले.

मागून ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर आला आणि आडवा उभा राहिला. राजपाल खाली उतरला. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्याने बैल, खांब, झाड यांतलं काहीही मध्ये न घेता भागवतरावांकडे सरळ पाहिलं.

“उतरव ते टोपलं,” तो म्हणाला.

“ठराव हाय.”

“ठराव गेला भोकात. रातभर माह्या मायशी बोलून राह्यलो होतो मी. भागिरथा माही आजी. तिनं जवारी मोजली, पन पोरगं तं तुमच्याच घरी सांबाळाले ठेवलं होतं.” राजपालने टोपल्याला हात घातला. “तुहा बाप आमचा. मंग तू कोनाचा? सव्वा पायलीचा माल हाय माह्या घरचा. त्याले असा रस्त्यात खराब होऊ देईन काय मी?”

भागवतरावांना काहीतरी म्हणायचं होतं. नियमात बसणारं, मुद्देसूद. पण राजपालने टोपलं केव्हाच उचलून ट्रॉलीत रिकामं केलं होतं. त्यांनी डोक्यावरची चुंबळ काढली, मान दोन्हीकडे मोडली आणि पुढे होऊन ट्रॉलीचं मागचं फाळकं खाली पाडलं.

“पयले कोनाचं?” राजपालने विचारलं.

“रजिस्टरप्रमाणे,” भागवतराव म्हणाले, आणि ट्रॅक्टरच्या मडगार्डवर चढून बसले.